सायगॉनच्या गल्लीत पांढरी साडी

मी पहिल्यांदा सायगॉनला गेली ती पोरीला परत आणायला. फिरायला नाही की पाहायला नाही. नकाशावर त्या शहराचं नाव आता वेगळं आहे, पण तिथली माणसं आपसात सायगॉनच म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणते. पोरगी तिकडं एका कपड्याच्या कंपनीत लागली होती. परदेशी जाणाऱ्या शर्टांची शिवण, बटणं, काजं तपासायची, असं काम. आमच्या गावी साकोलीत कोणी विचारलं, की मी सांगायची, "शिवणी पाहते." इंजिनीयर झालेली पोर शिवणी पाहते म्हटल्यावर लोकांची तोंडं पाहण्यासारखी व्हायची. म्हणून ठरवलं, की जायचं, महिनाभर राहायचं, गोडीनं नाही तर कान धरून तिला घरी आणायचं, अन् नागपूरकडं नोकरी आणि मुलगा, दोन्ही एकदमच शोधायचं.

नवरा यायला तयार नव्हता. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्यापासून त्याचा जीव घरच्या धानाच्या बांध्यांत अडकला आहे. "धानाचा रोवणा सोडून मी कुठी येऊन राहिलो?" तो म्हणाला. "तू जाय. तुह्या तोंडापुढं ते शहर किती दिवस टिकते, पाहू."

माझं तोंड हा आमच्या घरातला जुना विषय आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेत उभी हयात गेली. वर्ग नुसत्या नजरेनं गप्प करायची सवय. पण सायगॉन काही माझ्या नजरेनं गप्प होईना. विमानतळाबाहेर पाय ठेवला आणि गाड्यांचा आवाज अंगावर आला. मोटारसायकली नाहीत, मोटारसायकलींचा पूर होता तो. फुटपाथवरही त्याच. एका गाडीवर नवरा, बायको, मधात लेकरू, अन् लेकराच्या मांडीवर कुत्रा. दुसऱ्या गाडीवर फ्रिज. उभा! मी टॅक्सीतून पोरीला म्हटलं, "अवं, हा फ्रिज पडन!" ती म्हणाली, "नाही पडत, आई." अन् खरंच नाही पडला, हे मला जास्तच खटकलं.

पोरीची खोली एका अरुंद गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर. गल्ली एवढीशी, की समोरच्या घरी कोणी शिंकलं तर आपण "जीवो" म्हणावं. त्या समोरच्याच घराच्या दारात एक बाई रोज सकाळी मोठं पातेलं मांडून तांदळाच्या शेवया गरम रश्शात घालून विकायची. माझ्याच वयाची, बारीक, केस कापलेले, अंगात फुलाफुलांचा पायजमा अन् तसलाच सदरा. मी तिला मनात शेवयावाली म्हणू लागली. तिचा नवरा वारलेला होता, एक मुलगा होता, तो लोकांच्या घरी एसी बसवायचा. हे सगळं मला नंतर कळलं. पहिल्या आठवड्यात मला फक्त तिच्या रश्शाचा वास कळला. मासे आंबवून केलेलं पाणी तिकडं मिठासारखं वापरतात. मी नाकाला पदर लावून जिना उतरायची. पोरगी म्हणाली, "आई, आपल्या बाजारात सुक्या मासोळीच्या ओळीतून तू काय नाक दाबून जातेस?" मी म्हटलं, "ती आपली मासोळी हाय."

खरा तमाशा रस्ता ओलांडताना झाला. पोरगी कामावर गेली होती आणि मला पलीकडच्या बाजारात कोथिंबीर आणायची होती. साकोलीला हायवे ओलांडायची आपली रीत आहे: ट्रक लांब असला की हात वर करायचा अन् पळायचं. मी तसंच केलं. हात वर केला, पळाली, अन् मधात जाऊन थांबली, कारण पुढून गाड्या, मागून गाड्या. माझ्या थांबण्यानं सगळ्यांचा अंदाज चुकला. कोणी इकडून वळला, कोणी तिकडून, एकाच्या टोपलीतले लिंबू रस्त्यावर. मी तशीच हात वर करून उभी, जशी काही राष्ट्रगीताला. तेवढ्यात कोणीतरी माझं कोपर धरलं. शेवयावाली. माझा वर केलेला हात तिनं खाली घेतला आणि मला चालवत नेलं, अगदी सावकाश, एका चालीनं, समोर पाहत. गाड्या आमच्या दोन्ही अंगांनी निघून गेल्या आणि आम्हाला काही झालं नाही.

संध्याकाळी गावात गुरं परत येतात तेव्हा आपण त्यांच्यातून असंच चालतो. पळालं तर जनावर बुजते, थांबलं तर आडवं येते. चालत राहिलं तर ते आपलं आपण बाजूला होते. हे मला ठाऊक होतं, फक्त मोटारसायकलीच्या बाबतीत लागू करायचं सुचलं नव्हतं. त्या दिवसापासून मला त्या रस्त्याचं कुतूहल लागलं. मी खिडकीत बसून पाहायची, की कोण कसं ओलांडते. म्हाताऱ्या सगळ्यात भारी. पण पोरगी काही परत यायला तयार झाली नाही, आणि मी एकटीच नागपूरला उतरली. नवरा घ्यायला आला होता. माझ्या मागं कोणी उतरते का, हे त्यानं एकदा पाहिलं अन् बॅग उचलली.

दुसऱ्यांदा गेली ती धान घरात आल्यावर. त्या खेपेला पोरीनं पहिल्याच सकाळी मला शेवयावालीच्या दारात नेलं, बुटक्या लाल स्टुलावर बसवलं आणि सांगून टाकलं. तिला शेवयावालीच्या मुलाशी लग्न करायचं होतं.

"काहून?" माझ्या तोंडून एवढंच निघालं.

"आवडते म्हणून."

"नागपुरात कोणी नाही आवडत तुले?"

"आई, तू हो म्हणशील तरच करीन. नाही म्हणशील तर नाही करणार. पण दुसऱ्याशीही नाही करणार." असं म्हणून ती कामावर निघून गेली, आणि मी त्या पोरांच्या स्टुलावर बसली गुडघे पोटाशी घेऊन. समोरून शेवयावाली माझ्याकडं पाहत होती. मला जे आत्ता कळलं, ते तिला आधीच माहीत होतं.

मी होही म्हटलं नाही आणि नाहीही. म्हटलं, आधी पाहू तर, पोरगी कुठल्या घरी पडते. म्हणजे त्या खेपेला मी ते शहर सासर पाहावं तसं पाहिलं. बाजारात जाऊन तांदूळ हातावर घेऊन पाहिला, दाताखाली धरून पाहिला. दुकानदारीण हसायला लागली. तांदळाला नावं ठेवणं आमच्या भंडाऱ्याच्या माणसाच्या रक्तातच आहे. पण एका गोष्टीनं मी चाट पडली. धान भरडताना जी कणी निघते, तुटका तांदूळ, तो आमच्याकडं कोंबड्यांपुढं टाकतात, किंवा ज्याच्या घरी काहीच नसते तो शिजवतो. माझ्या आईनं आम्हाला कणीच्या भातावर वाढवलं. मजुरीत मिळायची ती. आणि इथं सायगॉनात त्याच कणीचा भात लोक गाड्या थांबवून, पसंत करून खात होते. वर अंडं, बाजूला भाजलेलं मांस, ऑफिसात जाणारी टाय घातलेली माणसं! मी एक ताट मागवलं. पहिला घास घेतला. चव तीच होती. मी ताट पुसून खाल्लं आणि संध्याकाळी नवऱ्याला फोनवर सांगितलं. तो म्हणाला, "तिकडं जाऊन कणी खाल्ली? इतक्या दूर कायले गेली मग?"

पौर्णिमेला शेवयावालीनं मांसाचा रस्सा बंद ठेवून नुसत्या भाज्यांचा केला. मला नवल वाटलं. विचारलं तर कळलं, की पौर्णिमा-अमावास्येला ती मांस शिजवत नाही आणि पगोड्यात जाते. आमच्या लोकांनी छप्पन साली धम्म घेतला. मी लहानपणापासून दर पौर्णिमेला पांढरी साडी नेसून विहारात जाते. मग काय, मीही पांढरी साडी काढली आणि तिच्यासोबत निघाली. मला वाटलं, चला, बुद्धाच्या देशात आलो, हे आपलंच घर. आत जाऊन पाहते तर बुद्धाच्या डोक्यामागं लाल-हिरवे दिवे गरगर फिरत होते! धुराचे लोट, फळांचे डोंगर, एकीकडं बाईच्या रूपातली मूर्ती, तिच्यापुढं लोक पोर मागत होते, परीक्षा पास करून मागत होते. घरी परतलो तर शेवयावालीच्या दारात जमिनीवर ठेवलेला एक ढेरपोट्या देव, आणि त्याच्यापुढं पेटवलेली सिगारेट आणि कॉफीचा पेला.

"हा सिगारेट पेते?" मी पोरीला विचारलं.

"तो जागेचा देव आहे. त्याला आवडते म्हणतात."

"अवं, आमच्या बापानं घरातले देव तळ्यात नेऊन टाकले, अन् तू सिगारेट पेणाऱ्या देवाच्या घरी चालली?"

पोरगी म्हणाली, "आई, मी माणसाच्या घरी चालली." उत्तर चांगलं होतं म्हणून मला जास्तच राग आला.

मुलगा मात्र मला आवडायला लागला होता, ते मी कोणाला सांगितलं नाही. पोरीकडून त्यानं एकच वाक्य शिकून घेतलं होतं, "आई, जेवली का?" सकाळ, दुपार, संध्याकाळ, केव्हाही भेटला की तेच. एकदा मी बाथरूममधून डोकं पुसत निघाली तर खाली गल्लीतून "आई, जेवली का?" लग्नाचं विचार करून सांगते, असं पोरीला म्हणून मी साकोलीला परत आली. खरं तर विचार झाला होता. पण पोरगी जाणार, आपण निदान थोडं अडून तर बसू, असा माझा हट्ट होता.

तिसरी खेप त्यांच्या नवीन वर्षाची. तेत म्हणतात. मामाही येणार होता. शेवयावालीचा थोरला भाऊ. नवरा वारल्यापासून घरातलं मोठं माणूस तोच. वर्षाच्या पहिल्या दिवशी जेवणावर सगळ्यांसमोर लग्नाचं बोलायचं, असं पोरीनं आणि मुलानं ठरवलं होतं. आठवडाभर गल्ली धुऊन-पुसून चकचकीत केली, पिवळ्या फुलांच्या कुंड्या दारोदारी आल्या, केळीच्या पानात बांधलेले चिकट भाताचे लांबडे गठ्ठे रात्रंदिवस शिजले. आणि मग एका दिवसात शहर रिकामं झालं. सगळे आपापल्या गावी गेले. ज्या रस्त्यावर मी राष्ट्रगीताला उभी राहिली होती तो झाडून ठेवल्यासारखा पडला होता. मी खिडकीत बसली आणि मला त्या आवाजाची आठवण यायला लागली. स्वतःचंच नवल वाटलं. म्हटलं, बाई, तुला हे शहर लागलं की काय?

वर्षाच्या पहिल्या सकाळी मला लवकर जाग आली. पोरगी झोपली होती. मी घरून नेलेल्या चिन्नोर तांदळाची खीर केली. आमच्याकडं चांगल्या दिवशी खीर असते. बुद्धाला सुजातेनं दिली तेव्हापासूनची म्हणू. आंघोळ करून पांढरी साडी नेसली, डोक्यावर पदर घेतला, खिरीचं पातेलं हातात घेतलं आणि जिना उतरली. गावात सणाच्या दिवशी शेजारी जायला कोणी बोलवावं लागते का? समोरचं दार अर्धं उघडं होतं. मी चपला काढल्या आणि आत पाऊल टाकलं. नवीन वर्षाच्या शुभेच्छा त्यांच्या भाषेत पाठ करून ठेवल्या होत्या, त्याही म्हटल्या.

शेवयावाली नवऱ्याच्या फोटोपुढं उदबत्ती लावत होती. ती वळली. तिच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरलं. तिचा एक हात तोंडावर गेला आणि दुसरा माझ्याकडं असा आला, की थांब, नको. मी तशीच उभी. मागून पोरगी अनवाणी धावत आली. "आई, काय केलं तू! काय केलं!"

मग तिनं सांगितलं. नवीन वर्षाला घरात पहिलं पाऊल ज्याचं पडते, त्याच्यासारखं ते घराचं वर्ष जाते. म्हणून ते माणूस आधीच ठरवून ठेवतात. जन्माचं वर्ष जुळणारा, सुखी, भरल्या घरचा. मामाचं ठरलं होतं, तो यायच्या वाटेवर होता. आणि डोक्यावर पांढरं फक्त मयताच्या घरचे लोक घेतात. शेवयावालीनं स्वतः घेतलं होतं, नवऱ्याच्या वेळी.

चूक झाली, हे मला कळलं. पण चुकीची लाज वाटायच्या आधी दुसरंच काही वर आलं. संताप. माझ्या पावलानं घर बाटलं म्हणता? मी पातेलं तिथंच टेबलावर आपटलं आणि बाहेर आली. वर येऊन बॅग काढली. पोरगी रडत मागं आली. "आता ते नाही म्हणतील, आई."

"म्हणू दे. चाल घरी."

"मी नाही येत."

मामा आला, ऐकलं, आणि खाली बराच वेळ बोलणं चाललं. तो वाईट माणूस नव्हता. त्यानं एवढंच सांगितलं, की हे वर्ष जाऊ द्या. वर्ष नीट गेलं तर पुढच्या तेतला लग्नाचं बोलू, नाही गेलं तर समजून घ्या. शेवयावाली मान खाली घालून बसली होती. मुलगा मामापुढं काही बोलला तर तिनंच त्याला गप्प केलं, असं पोरीनं सांगितलं. तिला बहिणीच्या नात्यानं नाही, भीतीच्या पोटी गप्प राहावं लागत होतं, ते मला तेव्हा समजलं नाही. मला फक्त एवढं समजलं, की जे "हो" मी मुठीत धरून बसली होती ते आता कोणी मागतच नव्हतं. मला हे लग्न व्हायला पाहिजे होतं! ते मला त्या दिवशी, बॅगेत साड्या कोंबताना कळलं.

ते वर्ष मी साकोलीत कसं काढलं, ते माझं मला ठाऊक. शाळेत पोरांना शुभ-अशुभ सगळं झूट म्हणून शिकवत आलेली मी, रोज सकाळी पोरीला फोन करून विचारायची, "तिकडं सगळे बरे हायेत ना? तिची तब्येत? दुकान? मुलाची गाडी बरोबर चालते ना?" नवरा बाजूला बसून चहा प्यायचा अन् हसायचा. "काय वं मास्तरीण, तुह्या पायाचा गुण पाहून राहिली का?" एकदा मी त्याच्यावर कप उगारला. पण तोही मग पोरीशी बोलताना हळूच विचारायचा, "सगळे ठीक ना?"

आणि पावसाळ्यात नको ते झालं. गल्लीत पाणी भरलं, शेवयावाली पातेलं उचलताना घसरली आणि उजवं मनगट मोडलं. पोरगी फोनवर सांगत होती आणि मला तिच्या मागून मामाचा आवाज ऐकू आल्यासारखा वाटत होता: पहा, झालं ना? मी नवऱ्याला म्हटलं, "मी जाऊन राहिली." रोवणा अर्ध्यावर होता. त्यानं कोणालातरी फोन करून नागपूरला जायची गाडी बोलावली.

तर चौथी खेप मी पातेल्यामागं काढली. शेवयावाली प्लास्टरातला हात घेऊन स्टुलावर बसायची आणि डाव्या हातानं दाखवायची, ते मी करायची. शेवया किती वेळ बुडवायच्या, पाला केवढा तोडायचा, कोणाला तिखट लागते, कोणाला नाही. पहिल्या दिवशी मी शेवयांचा लगदा केला. एका रिक्षावाल्या म्हाताऱ्यानं तो मुकाट्यानं खाल्ला आणि जाताना माझ्या पाठीवर थाप मारली, जसं पोराला म्हणावं, येईल येईल. ज्या वासाला मी नाक दाबायची तो आता माझ्या पदराला, केसांना, हातांना होता. पातेल्यामागून ते शहर वेगळंच दिसते. बाहेरून पाहिलं तर नुसती गर्दी. इथून पाहिलं तर हा रोज कांद्याची पात काढून टाकतो, ही रात्रपाळीवरून येते अन् पेंगत खाते, या दोघांचं भांडण झालं असावं, आज वेगळ्या स्टुलावर बसले. मी त्यांच्या चौकशा करायला लागली. भाषा येत नव्हती तरी चौकशी थांबली नाही. शेवयावाली हसायची, पहिल्यांदाच मी तिला एवढं हसताना पाहिलं.

एका दुपारी गिऱ्हाईक ओसरल्यावर आम्ही भांडी आवरत होतो. पोरगी सुट्टीवर होती. शेवयावालीनं तिच्यामार्फत मला विचारलं, "त्या दिवशी मी घाबरली होती. पण तुला राग आला होता. एवढा राग कशाचा?"

मी ते कधी कोणाला सांगितलं नव्हतं. नवऱ्याला ठाऊक होतं, कारण त्याच्याकडंही त्याचं असंच काही होतं. पोरीला नाही. सांगितलं. मी सहा-सात वर्षांची असेन. आई गावातल्या एका मोठ्या घरी धान पाखडायला जायची, अंगणात, पायरीच्या खाली. मी सोबत. एक दिवस कोंबडीचं पिल्लू पायरी चढून आत पळालं आणि मी त्याच्यामागं. आतून घरची बाई आली. रागावली नाही, मारलं नाही. तांब्यात पाणी आणलं आणि जिथं जिथं माझं पाऊल पडलं होतं तिथं तिथं शिंपडत आली, अगदी पायरीपर्यंत. माझ्या आईनं मान वर केली नाही. ती पाखडत राहिली.

पोरगी भाषांतर करता करता थांबली. "आई, तू मले कधी सांगितलं नाही." मी म्हटलं, "आधी तिले सांग." तिनं सांगितलं, अडखळत, डोळे पुसत. शेवयावाली ऐकत होती. तिनं मधात एकच विचारलं, की ते घाण पाय होते म्हणून का? पोरगी म्हणाली, नाही, हिचेच होते म्हणून. ते समजायला तिला वेळ लागला. मग तिनं धुतलेली वाटी खाली ठेवली आणि चांगल्या हातानं माझा हात धरला. ती म्हणाली, की नवरा गेला त्या वर्षी पहिलं पाऊल फार चांगल्या माणसाचं पडलं होतं, अगदी पाहून ठरवलेलं. तेव्हापासून तिला सगळ्याचीच भीती वाटते. "मी तुझ्या पायाला नाही घाबरली," ती म्हणाली. "मी वर्षाला घाबरली."

मी पोरीला म्हटलं, "तिले सांग, माह्याकडून हो हाय. केव्हाचंच हाय. लय अडून बसली मी."

बाकी मामाचं होतं. मनगट मोडलेलं वर्ष त्याच्या हिशोबात चांगलं नव्हतंच, आणि शेवयावाली भावापुढं तोंड उघडत नाही, हे मी पाहिलं होतं. मी परत आली, धान कापलं, थंडी पडली. मग एक दिवस तिचा व्हिडिओ कॉल आला. पोरगी बाजूला, हसू की रडू असं तोंड करून. "आई, ती विचारते, तेतला पहिलं पाऊल तू टाकशील का? तिनं मामाला सांगितलं, की ती यंदा तुला बोलावणार, अन् त्याच दिवशी लग्नाचं ठरवणार. मामा चिडला. ती म्हणाली, घर माझं आहे."

नवरा माझ्या मागं उभा राहून ऐकत होता. तो म्हणाला, "दोन तिकिटं काढ." पहिल्यांदाच विमानात बसला तो, डोळे मिटून, माझा हात दाबून, नागपूर ते सायगॉन.

मी विचारलं होतं, साडी कोणती नेसू. शेवयावालीनं कळवलं, तुझ्या घरी चांगल्या दिवशी जी नेसतेस ती. मी पांढरी काढली, इस्त्री केली. मग तिचं मनगट आठवलं, ती बापडी आतून घाबरलेलीच असणार. पांढरी घडी करून ठेवली आणि पिवळी नेसली. त्यात माझं काही गेलं नाही.

सकाळी गल्ली शांत होती. मी खाली उतरली तर मामा आधीच येऊन बसला होता, पण बाहेर, गल्लीत, त्याच बुटक्या लाल स्टुलावर, इस्त्रीच्या शर्टात. माझ्या आधी त्याला आत जाता येत नव्हतं. पोरगी, मुलगा, माझा नवरा, सगळे बाहेरच. शेवयावाली एकटी आत, दार उघडून, हात जोडून उभी.

मी चपला काढल्या आणि माझा पाय उचलेना. एवढा उंबरठा, पण उचलेना. आई डोळ्यांपुढं उभी राहिली, अंगणात, मान खाली घालून पाखडत असलेली. कोणत्याही परक्या घराच्या दारातून आत ये, तू आधी ये, असं तिला आयुष्यात कोणी म्हटलं नव्हतं. मी भर गल्लीत रडली, सणाच्या दिवशी, सगळ्यांसमोर. कोणी मला थांबवलं नाही. मामा स्टुलावरून उठला आणि तसाच उभा राहिला, मी जाईपर्यंत.

मग मी आत गेली, आणि माझ्या मागून सगळे आले.